हाताला बाळाची ओळख होऊ द्या

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी २७ वर्षं नर्स होते. या सदराला येणारी पत्रं आजवर बहुतेक बायकांची असत. या महिन्यात पुरुषांची चार पत्रं आली. एका बाईचं आलं, तेही नवऱ्याबद्दलच. म्हणून यावेळची सगळी जागा बापांना दिली आहे. पहिल्या दोन पत्रांवर जास्त लिहिलंय, कारण त्या अवस्थेतले बाप मी वॉर्डात सर्वांत जास्त पाहिले, आणि त्यांच्याशी नीट बोलायला ड्युटीवर कधी वेळ मिळाला नाही.

प्रश्न : ताई, आमची मुलगी आज १९ दिवसांची झाली. ती जन्मली तेव्हा मी बायकोजवळच होतो. सगळे म्हणाले होते, बाळाला बघशील आणि एकदम भरून येईल. मला तसं काही झालं नाही. भीती वाटली, दमल्यासारखं झालं, एवढंच. अजूनही तसंच आहे. तिचं सगळं बायको आणि माझी आई बघतात. मी उचललं की दोन मिनिटांत रडायला लागते, मग कुणीतरी 'दे इकडे' म्हणतं आणि मी देतो. ऑफिसात लोक अभिनंदन करतात तेव्हा खोटं वागतोय असं वाटतं. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : नाही. काहीही कमी नाही.

बाळाला पाहताक्षणी माया दाटून येते हे आपण इतकं ऐकलेलं असतं, की तसं झालं नाही तर माणूस स्वतःलाच दोष देतो. काहींना ते होतं, पुष्कळांना होत नाही. आयांनाही होत नाही, फक्त त्या कुणाजवळ बोलत नाहीत. तुमच्या बायकोची आणि बाळाची निदान ओळख जुनी आहे. पोटातल्या लाथा, उचक्या, रात्रीची वळवळ, हे सगळं तिने महिनोन्‌महिने अनुभवलंय. तुमची ओळख १९ दिवसांची. त्यातही बाळ तुमच्या हातात किती वेळ होतं? दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं धरली तर आजवरचे दोन तासही भरत नाहीत. दोन तासांच्या ओळखीत कुणाचा जीव जडतो का?

बाळाच्या बाजूनेही असंच आहे. १९८० साली अमेरिकेत तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग झाला होता. बाळाच्या तोंडात चोखणी द्यायची. एका तऱ्हेने चोखलं की आईचा आवाज ऐकू येणार, दुसऱ्या तऱ्हेने चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल असं चोखलं. चार वर्षांनी तशाच पद्धतीने बापाचा आवाज तपासला गेला. दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक बाळांना कळत होता, पण बापाच्या आवाजाला त्यांनी काही वेगळी पसंती दिली नाही. मला हे वाचून वाईट वाटलं नव्हतं, उलट हायसं वाटलं. म्हणजे बाळ तुम्हाला नाकारत नाहीये. तिची-तुमची ओळख व्हायची आहे, इतकंच.

एक बाप मला नेहमी आठवतो. त्याची मुलगी ३१ व्या आठवड्यात जन्मली होती, वजन १,३०० ग्रॅम. बाळाच्या आईची तब्येत बिघडलेली, ती दुसऱ्या मजल्यावर. हा रोज यायचा आणि बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीपासून (इन्क्युबेटरपासून) हातभर लांब, हात मागे बांधून उभा राहायचा. काचेलासुद्धा हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, आरामखुर्चीत बसवलं आणि शर्टाची बटणं काढायला सांगितली. टोपी आणि लंगोट घातलेलं ते बाळ त्याच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीवर वळवलेली, वरून दुपटं. तो श्वास रोखून बसला. मी म्हटलं, ''अहो, श्वास घ्या. तुमची छाती वरखाली होते ती तिला कळू दे.'' पंधरा-वीस मिनिटांत मॉनिटरवरचे ठोके संथ झाले, ऑक्सिजनचा आकडा वरखाली व्हायचा थांबला. तो दीड तास हलला नाही. उठताना पायाला इतक्या मुंग्या आल्या होत्या की माझा खांदा धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर आले तर हा हात धुऊन दारात तयार. त्या दीड तासाआधी त्याला बाळाबद्दल काय वाटत होतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आधी त्याची छाती आणि हात बाप झाले, मन त्यांच्यामागून आलं, असंच मला वाटतं.

याला कांगारू केअर म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८-७९ च्या सुमाराला डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. पेट्या कमी होत्या आणि बाळं जास्त, म्हणून बाळ आईच्या छातीशी बांधायचं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर हेच द्या, दिवसाचे ८ ते २४ तास द्या, असं सांगितलं. तुमची मुलगी पूर्ण दिवसांची असेल तर तिला याची तशी गरज नाही, पण तुम्हाला आहे. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास तिला असं उघड्या छातीवर घ्या. तिचं नाक-तोंड मोकळं दिसत राहू द्या. आणि डोळा लागेल असं वाटलं की तिला लगेच तिच्या जागी ठेवा. बाळ अंगावर घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत झोप लागणं फार धोक्याचं असतं.

आता 'दोन मिनिटांत रडते' त्याबद्दल. तुम्ही बहुधा घाईने उचलत असाल आणि अंगापासून लांब धरत असाल. नवे बाप बाळाला काचेचं भांडं धरावं तसं धरतात. उचलण्याआधी तिच्याशी बोला. हात गार असतील तर चोळून गरम करा. एक हात मानेखाली आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, मग तुम्ही स्वतः खाली वाका आणि तिला आधी छातीशी घेऊन मगच उभे राहा. मधल्या मोकळ्या हवेतला प्रवास जितका कमी तितकं बाळ कमी दचकतं. तिला २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे तुमच्या कोपरापाशी डोकं ठेवलं की तुमचा चेहरा तिला दिसतो. आणि रडली तर लगेच देऊन टाकू नका. भूक लागलेली नसेल, तर तुमच्याकडेच शांत होऊ द्या. बायकोला आणि आईला आधीच सांगून ठेवा, की आज मी सांगितल्याशिवाय तिला घेऊ नका.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तिचं एक काम पूर्ण तुमच्याकडे घ्या. मी लंगोट बदलण्याचं सुचवीन. लोक त्याला हलकं काम समजतात. पण या वयात दिवसातून आठ-दहा वेळा लंगोट बदलावा लागतो. त्यातले चार तुम्ही बदलले तर महिन्यात १२० वेळा तुम्ही तिच्यासमोर, हातभर अंतरावर, तिच्या डोळ्यांत बघत असाल. सगळं सामान आधी हाताशी घ्या, कारण एकदा तिला ठेवलं की तुमचा एक हात सतत तिच्या अंगावर हवा. पुसताना पुढून मागे पुसा. नाळ अजून पडली नसेल तर लंगोटाची कड नाळेच्या खाली दुमडा आणि नाळ कोरडी ठेवा, वर काही लावू नका. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा ओले लंगोट व्हायला हवेत. बाळाला दूध पुरतंय की नाही हे यावरून कळतं, आणि हा हिशोब तुमच्या डोक्यात असेल. डॉक्टर विचारतील तेव्हा सगळे तुमच्याकडे बघतील.

फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांचा एक अभ्यास झाला, २०११ मध्ये तो छापून आला. त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) आधी एकदा मोजलं होतं, काही वर्षांनी पुन्हा मोजलं. जे मधल्या काळात बाप झाले त्यांच्यात ते बरंच उतरलं होतं, आणि दिवसाचे तीन तास किंवा जास्त मुलांचं करणाऱ्या बापांमध्ये ते सर्वांत कमी होतं. म्हणजे बापाचं शरीरही बदलतं. तुमच्या शरीराला तेवढा वेळ मिळू द्या. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान ती तुमच्याकडे बघून पहिल्यांदा ओळखीचं हसेल. तेव्हा मला परत लिहा.

प्रश्न : मुलगा पाच आठवड्यांचा आहे. संध्याकाळी सात वाजले की रडायला सुरुवात करतो ते दहापर्यंत. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. परवा बायको झोपली होती आणि मी त्याला घेऊन फिरत होतो. तासभर एकसारखा किंचाळत होता. एका क्षणी माझे हात त्याच्याभोवती आवळले गेले आणि 'गप्प बस' असं इतक्या जोरात ओरडलो की माझा मलाच धसका बसला. मी काही केलं नाही. पण त्या रात्रीपासून मी त्याला एकट्याने घेत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर : तुम्ही लिहिलंत याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. आता हेच आज रात्री बायकोला सांगा. याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल. ती घाबरेल, पण तुम्ही अचानक बाळाला का टाळताय याचे तिच्या मनात येणारे अंदाज यापेक्षा वाईट असतील.

तासभर किंचाळणारं बाळ हातात असताना संताप येणं माणसाचं आहे. मी पगार घेऊन, आठ तासांची पाळी संपवून घरी जाणारी बाई होते, तरी मलाही आलाय. त्या संतापात करायची गोष्ट एकच: बाळाला त्याच्या अंथरुणावर उताणं ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर यायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तोंडावर पाणी मारा, कुणाला तरी फोन करा. तेवढा वेळ सुरक्षित जागी रडल्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवण्याने मात्र होतं, आणि ते परत भरून येत नाही. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मानेचे स्नायू ते तोलू शकत नाहीत. हलवलं की मेंदू कवटीत आपटतो, आत रक्तस्राव होतो. काही सेकंद पुरतात. असं बाळ मी सांभाळलंय. बापाचे पाय लटपटत होते, ''मला फक्त त्याला गप्प करायचं होतं'' एवढंच तो म्हणत होता. त्याच्यासारख्या माणसाला बाळ ठेवून खोलीबाहेर जाण्याची परवानगी आधीच कुणीतरी द्यायला हवी होती. तुम्हाला मी देतेय.

तुमचे हात आवळले आणि तुम्ही थांबलात. म्हणून त्याला एकट्याने घ्यायचं सोडू नका. संध्याकाळची पाळी वाटून घ्या, अर्धा तास तुम्ही, अर्धा तास ती. हद्द आली की न लाजता 'घे' म्हणायचं, आणि समोरच्याने कारण न विचारता घ्यायचं.

हे रडणं कधी थांबेल, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. १९६२ मध्ये एका अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याची रोजची नोंद ठेवून घेतली होती. दोन आठवड्यांच्या वयात साधारण पावणेदोन तास, सहा आठवड्यांच्या वयात पावणेतीन तास, आणि तिथून पुढे उतार. रडणं संध्याकाळीच जास्त. म्हणजे तुम्ही आत्ता चढाच्या अगदी टोकाशी आहात. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं हे रडणं ओसरतं. त्यात तुमची काही चूक नाही आणि बाळाचीही नाही.

रडायला लागला की भूक, ओलं, उकाडा-गारवा, ढेकर हे बघालच. त्याबरोबर हातापायाची बोटं एकेक करून बघत जा. आईचे केस या काळात गळतात आणि एखादा केस बाळाच्या बोटाला घट्ट गुंडाळला जातो. बोट लालबुंद होतं आणि बाळ रडून आकांत करतं. मी असे तीन केस स्वतः सोडवलेत, एक तर मोज्याच्या आत होता.

काही सापडलं नाही तर त्याला छातीशी उभं धरून चाला. नुसतं उभं राहून झुलवण्यापेक्षा चालणं बरं. २०२२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून दाखवलं, की पाच मिनिटं सलग, न थांबता, एका चालीने चाललं की रडणारी बाळं शांत होतात आणि त्यांतली बरीच झोपतात. बाळ झोपल्यावर लगेच खाली ठेवायचं नाही, तसंच धरून पाच ते आठ मिनिटं बसायचं. आणखी एक गंमत त्यांना दिसली. बाळ जागं होतं ते अंथरुणाला पाठ टेकल्यामुळे नव्हे, आईच्या अंगापासून सुटायला लागतं त्या क्षणी. म्हणून मी बापांना सांगते, ठेवताना बाळासकट तुम्हीच वाका, छाती शेवटी सोडवा, आणि हात त्याच्या पोटावर मिनिटभर राहू द्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला, दूध ओढेना, हिरवी उलटी झाली, अंग ढिलं पडलं किंवा रडण्याचा आवाजच बदलला, तर संध्याकाळचं नेहमीचं रडणं समजून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : ताई, माझा नवरा वाईट नाही. सांगितलेलं सगळं करतो. पण प्रत्येक वेळी 'सांग, मी काय करू?' बाळ तीन महिन्यांचं झालं, तरी कपडे कुठे आहेत, लस कधी आहे, मागचं दूध किती वाजता झालं, सगळं माझ्याच डोक्यात. बोलले तर म्हणतो, 'मी मदत करतोच की.' मला सांगायचाच कंटाळा आलाय. आणि खरं लिहायचं तर त्याने केलेलं मला पटतही नाही.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य तुम्ही पत्राच्या तळाशी लिहिलंत, मी त्याच्यापासूनच सुरुवात करते.

माझा मुलगा महिन्याचा होता तेव्हा त्याच्या बाबांनी एकदा त्याला अंघोळ घालायची ठरवली. मी दारात उभी राहिले. नर्स मी, त्यामुळे मला सगळं येत होतं. ''डोकं वर धरा. असं नाही. साबण डोळ्यांत जाईल. पाणी गार झालं बघा.'' त्यांनी काही न बोलता बाळ टॉवेलात गुंडाळलं, माझ्या हातात दिलं आणि हात पुसले. पुढचे चार महिने त्यांनी अंघोळीचं नाव काढलं नाही आणि मी मैत्रिणींना सांगत होते, की आमच्याकडे सगळं मलाच करावं लागतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते तसं व्हायला माझा हातभार किती, हे मला फार उशिरा कळलं.

मी पुन्हा नाईट ड्युटीला लागले तेव्हा नाइलाजाने बाळ रात्रभर त्यांच्याकडे. पंधराएक दिवसांनी सकाळी घरी आले तर ते त्याला झोपवत होते. बाळाचा कान स्वतःच्या गळ्याला टेकवलेला, आणि तोंड मिटून एकच खालचा सूर लावलेला. गाणं नाही, काही नाही, नुसता तो सूर गळ्यातून बाळाच्या कानात जात होता. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला तर कधी सुचलंच नसतं. बाळ माझ्याकडे वीस मिनिटं घ्यायचं, त्यांच्याकडे सातव्या-आठव्या मिनिटाला झोपलं.

म्हणून, बाई गं, तू घराबाहेर पड. (एकेरीवर आले, रागावू नकोस.) आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास. दूध पाजून निघ, किंवा काढून ठेव. निघताना यादी लिहून ठेवू नकोस. फोन करून विचारू नकोस. त्याला पहिल्या दिवशी कपडे सापडणार नाहीत, दुसऱ्या दिवशी सापडतील. कपाट उघडल्याशिवाय कपाटात काय आहे हे कुणालाच कळत नाही.

काही गोष्टींवर तडजोड नाही, त्या दोघांनी मिळून आधी ठरवा. बाळाला झोपवायचं ते उताणं, टणक सपाट अंथरुणावर, उशी-खेळणी-जाड पांघरूण काही नको. अमेरिकेत १९९४ पासून 'पाठीवर झोपवा' असं घराघरांत सांगायला सुरुवात झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं, इतकी साधी आणि इतकी मोठी गोष्ट आहे ती. उंचावर बाळाला एकटं सोडायचं नाही. गरम पेय हातात असताना बाळ घ्यायचं नाही. अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघितल्याशिवाय बाळ घालायचं नाही. बाकी झबलं उलटं घातलंय, ढेकर काढायची पद्धत वेगळी आहे, टोपी आणि मोजे एकमेकांना शोभत नाहीत, याकडे बघायचं नाही.

आता त्याच्यासाठी, हे त्याला वाचायला दे. 'मदत' हा शब्द घरातून काढून टाका. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. लसीकरणाचं कार्ड आजपासून तुमच्या खिशात. पुढची तारीख, आधी भूक आणि झोप सांभाळणं, नंतर ताप आला तर काय करायचं हे डॉक्टरांना विचारणं, सगळं तुमचं. बायकोने आठवण करायची नाही आणि तुम्ही तिला विचारायचं नाही. विसरलात तर दवाखान्यात फोन करून नवीन वेळ घेणंही तुमचंच. रात्री ती अंगावर पाजते म्हणून तुम्हाला काम नाही असं नसतं. बाळाला उचलून तिच्याजवळ आणायचं, तिला पाणी द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढायची, लंगोट बदलायचा आणि परत झोपवायचं. पाजण्याएवढाच वेळ या बाकीच्या गोष्टींना लागतो आणि तेवढी झोप तिच्या वाट्याला येते.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, छान आहे. बायकोही आता बरी आहे. पण मला काही गोड लागत नाही. बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही, छोट्या गोष्टीवर अंगावर जातो, ऑफिसातून मुद्दाम उशिरा निघतो. कधी वाटतं, मी नसतो तर यांचं बरं चाललं असतं. बायकोने बाळंतपण सोसलं, मला काय झालंय असं व्हायला?

उत्तर : तुम्हाला नैराश्य आलं असण्याची शक्यता आहे. ते बापांनाही येतं. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये काढलेला आकडा शंभरात सुमारे दहा बाप असा आहे, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना हे प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. तुमचं बाळ चार महिन्यांचं आहे. पुरुषांमध्ये ते रडू येण्यापेक्षा चिडचिड, कामात बुडून राहणं, दारू वाढणं, घर टाळणं अशा रूपात दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बायकोची तब्येत तपासतात, बापाला 'झोप होतेय ना?' एवढंच विचारतात.

'मी नसतो तर' हे वाक्य मला फार लागलं. ते आजच बायकोला किंवा जवळच्या माणसाला सांगा आणि या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जीव द्यावा असा विचार स्पष्ट येत असेल तर आठवड्याची वाट बघायची नाही. आजच्या आज, कुणाला तरी बरोबर घेऊन रुग्णालयात जायचं. डॉक्टर तुम्हाला कदाचित दहा प्रश्नांचा एक कागद भरायला देतील. ती एडिनबरा प्रश्नावली, १९८७ ची. आयांसाठी बनवली होती, आता बापांसाठीही वापरतात. खरी उत्तरं लिहा. बोलून आणि गरज पडली तर औषधाने हे बरं होतं, मी बरे झालेले बाप पाहिलेत. तोवर बाळापासून लांब राहू नका. काही वाटो न वाटो, रोज एक ठरलेला वेळ त्याला छातीशी घेऊन बसा. आणि बायकोने सोसलं म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही.

प्रश्न : मी पहिल्या दिवसापासून मुलीचं सगळं करतो, अंघोळ, झोपवणं, फिरवणं. आता ती नऊ महिन्यांची आहे आणि गेल्या पंधरा दिवसांत अचानक मी नकोसा झालोय. आई खोलीबाहेर गेली की किंचाळते, मी घेतलं तर मला ढकलते. मी कुठे चुकलो?

उत्तर : कुठेच नाही. या वयात तिला नव्यानेच कळलंय की आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी असते, पण ती परत येते हे अजून पक्कं कळलेलं नाही. म्हणून ती भेदरते. हे महिनोन्‌महिने चालू शकतं, मधूनच ओसरतं आणि पुन्हा येतं. काही मुलं याच वयात आईला ढकलून बापाला चिकटतात.

तुम्ही मात्र मागे हटू नका. रागावून 'जा मग आईकडे' असं म्हणून तिला सोपवूनही टाकू नका. तुमच्या ठरलेल्या गोष्टी, अंघोळ आणि झोपवणं, तुमच्याकडेच राहू द्या. ती रडली तर जमिनीवर तिच्याएवढं होऊन बसा आणि ती स्वतःहून येईपर्यंत थांबा. चेहऱ्यावर कापड धरून 'कूक' करायचा खेळ दिवसातून दहादा खेळा. गेलेलं माणूस परत येतं, हे ती त्यातून शिकते. आईने बाहेर जाताना लपून जायचं नाही. तिला दिसेल असं, हात हलवून, 'येते हं' म्हणून जायचं. सुरुवातीला दहा मिनिटं बाहेर थांबायचं, मग अर्धा तास. दार उघडायचा आवाज आला की तुम्ही तिला कडेवर घेऊन दाराशी जा.